किनाऱ्यावरच्या छोट्या शहरात खरोखर किती माणसं राहतात, हे कसं काढायचं

प्रश्न असा आहे: कोकण किनाऱ्यावर पंधरा हजारांच्या आसपास वस्तीचं शहर आहे. पाणी योजनेचा आराखडा करायचाय. २०११ च्या जनगणनेचा आकडा जुना झाला, मतदारयादी वेगळंच सांगते, घरपट्टीच्या नोंदी तिसरंच. यातला कोणता आकडा धरायचा आणि लोकसंख्येची रचना, म्हणजे वय, स्त्री-पुरुष, कामधंदा, कशी समजून घ्यायची?

किनाऱ्यावरच्या शहराला एकच लोकसंख्या नसते. फेब्रुवारीतली वेगळी, मे महिन्यातली वेगळी आणि गणपतीतली तर अगदीच वेगळी. वर दिलेले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, कारण प्रत्येक यादी वेगळ्या माणसांची आहे. त्यांची सरासरी काढणं हा सगळ्यात वाईट उपाय. आधी प्रत्येक आकडा कुणाला मोजतो ते पाहू.

जनगणनेपासून सुरुवात करू, कारण पाया तोच. २०११ च्या जनगणनेची संदर्भ वेळ १ मार्च २०११ च्या आरंभीची, म्हणजे २८ फेब्रुवारीची मध्यरात्र. प्रत्यक्ष गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली आणि १ ते ५ मार्चला फेरतपासणी. जो माणूस त्या वीस दिवसांत सगळा वेळ बाहेर होता तो घरच्या पत्त्यावर मोजला गेला नाही, तो जिथे होता तिथे मोजला गेला. वसतिगृहातला विद्यार्थी वसतिगृहात. मुंबईत नोकरी करणारा मुलगा मुंबईत, त्याचं नाव गावच्या शिधापत्रिकेवर असलं तरी. आता फेब्रुवारी म्हणजे काय ते डोळ्यांसमोर आणा. शिमगा अजून यायचाय, परीक्षा चालू आहेत, चाकरमानी मुंबईत आहेत. मासेमारी मात्र जोरात, त्यामुळे परगावचे खलाशी बंदरात हजर. आंब्याच्या बागांत राखणदार आलेले. म्हणजे जनगणनेचा आकडा हा शहराच्या शांत काळातला आकडा आहे, त्यात घरच्या तरुणांची वजाबाकी आहे आणि बाहेरच्या कामगारांची बेरीज आहे. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीखही १ मार्च, २०२७ ची आहे, त्यामुळे तुलना सरळ करता येईल.

घरयादीचं काम मात्र वेगळ्या वेळी झालं होतं, २०१० मध्ये एप्रिल ते सप्टेंबर दरम्यान, राज्यागणिक वेगवेगळ्या तारखांना. घरांचे आकडे तिथले आणि माणसांचे आकडे फेब्रुवारीचे घेऊन भागाकार केला की घरटी माणसं काहीतरी विचित्र येतात. कुटुंबाचा आकार काढायचा असेल तर प्राथमिक जनगणना सार या जनगणनेच्या मुख्य तक्त्यातलीच कुटुंबसंख्या आणि त्यातलीच लोकसंख्या घ्या.

छोट्या शहरासाठी या सारात मिळतं ते एवढंच: कुटुंबं, स्त्री-पुरुष, ० ते ६ वयाची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर, मुख्य व सीमांत (वर्षात सहा महिन्यांहून कमी काम केलेले) कामगार आणि त्यांचे चार गट. हे प्रभागनिहाय मिळतं. पाच-पाच वर्षांचे वयोगट मात्र जिल्हा पातळीवर आणि मोठ्या शहरांपुरतेच आहेत. त्यामुळे 'आमच्या शहरात साठीपुढचे इतके टक्के' असं विधान कुणी जनगणनेच्या हवाल्याने केलं तर बहुधा त्याने जिल्ह्याची टक्केवारी शहराला चिकटवलेली असते. शहराचा १९०१ पासूनचा वाढीचा तक्ता आणि क्षेत्रफळ जिल्हा जनगणना पुस्तिकेतल्या नगर-निर्देशिकेत सापडतं, ते पान आधी काढून ठेवा.

तो तक्ता वाचताना हद्द तपासा. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला, त्यामुळे जुने 'रत्नागिरी जिल्हा' हे आकडे आजच्या रत्नागिरीचे नाहीत. शहरांचंही तसंच. २०११ नंतर तालुक्याच्या ठिकाणच्या कितीतरी ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या, काही ठिकाणी शेजारची गावं जोडली गेली. हद्दवाढीमुळे आलेली वाढ ही वाढ नव्हे. आजच्या हद्दीत जी महसुली गावं येतात त्यांचे २००१ आणि २०११ चे आकडे गाववार काढून बेरीज करा आणि तीच मालिका पुढे वापरा. अडचण येते ती गावाचा काही भागच हद्दीत आला असेल तर. जनगणना गावाचा आकडा देते, वाडीचा नाही. तिथे प्रगणन गटांच्या (एकेका प्रगणकाला मोजायला दिलेल्या भागांच्या) याद्या किंवा प्रभाग रचनेच्या वेळचे नकाशे पाहावे लागतात. अंदाजाने 'अर्धं गाव' धरू नका. कोकणात गावाचं निम्मं क्षेत्र कातळ असतो आणि सगळी वस्ती एका बाजूला.

क्षेत्रफळाचा हा मुद्दा कागदोपत्री वाटतो, पण त्यावर लोकांची घरं अवलंबून आहेत. २०१९ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत ग्रामीण भागासाठी २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २,१६१ ही घनता उंबरठा ठरवली आहे. तिच्यावर असलेल्या भागात भरती रेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र, म्हणजे नव्या बांधकामाला बंदी असलेला पट्टा, तिच्याखाली २०० मीटर. किनाऱ्याला चिकटून दाट कोळीवाडा आणि मागे मोठा रिकामा सडा, म्हणजे कातळाचं पठार, असं गाव असेल तर संपूर्ण गावाची सरासरी घनता कोळीवाड्याची दाटी लपवते. शहराच्या वेशीवरची गावं जोडण्याचा विचार चालू असेल तर हे गणित आधी मांडून बघा.

आता स्त्री-पुरुष प्रमाण. २०११ मध्ये महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या, रत्नागिरी जिल्ह्यात १,१२२ आणि सिंधुदुर्गात १,०३६. हे आकडे पाहून 'कोकणात मुलींचं स्वागत होतं' असा निष्कर्ष भाषणांत नेहमी काढला जातो. तो या आकड्यावरून निघत नाही. इथे स्त्रिया जास्त दिसतात कारण कमावते पुरुष मुंबई-पुण्याला आहेत आणि म्हाताऱ्या बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात. मुलींबद्दल बोलायचं तर ० ते ६ वयाचं प्रमाण पाहायला हवं, आणि ते या दोन्ही जिल्ह्यांत हजाराच्या पुष्कळ खाली, ९५० च्याही आत होतं. त्याच दशकात दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली: रत्नागिरीची १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर, सिंधुदुर्गाची ८.६९ लाखांवरून ८.५० लाखांवर. राज्य मात्र सुमारे १६ टक्क्यांनी वाढलं. मालवण आणि वेंगुर्ला ही 'क' वर्ग नगरपरिषदांची शहरं २०११ मध्ये अनुक्रमे १८ आणि १२ हजारांच्या थोडी पुढे होती. अशा शहरांना राज्याचा वाढीचा दर लावणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालणं आहे.

पण लहान शहराच्या बालप्रमाणावरही फार जोर देऊ नका. पंधरा हजारांच्या शहरात ० ते ६ वयाची मुलं ९ टक्के धरली तर १,३५० होतात. इतक्या कमी मुलांत निव्वळ योगायोगाने हे प्रमाण हजारी शंभर इतकं खाली-वर होऊ शकतं. एका जनगणनेत ९४० आणि पुढच्या जनगणनेत ८९० आलं, म्हणून लगेच गर्भलिंग निदानाचा संशय घेता येत नाही आणि उलट आलं म्हणून मोहिमेचं यशही सांगता येत नाही. प्रभागात तर ऐंशी-शंभरच मुलं असतात, तिथे हे प्रमाण काढूच नये. तालुका किंवा दोन-तीन शहरं एकत्र करून पाहा.

कामगारांच्या आकड्यात किनाऱ्याची एक खास अडचण आहे. शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि 'इतर कामगार' असे चारच गट मिळतात, आणि मासेमारी 'इतर' मध्ये जाते. शिक्षक, रिक्षावाला, तांडेल (बोट चालवणारा), बर्फ कारखान्यातला माणूस सगळे एका टोपलीत. मुख्य कामगार म्हणजे वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम केलेला. पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असल्याने पूर्णवेळ खलाशी मुख्य कामगारातच येतो. पण मासे सुकवणारी, निवडणारी, बाजारात विकणारी बाई? तिला 'काम करता का' असं विचारलं तर 'नाही, घरीच असते' असं उत्तर येतं आणि ती अकामगारांत जाते. मच्छीमार कुटुंबं किती, त्यात प्रत्यक्ष समुद्रावर जाणारे किती, यासाठी केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेची सागरी मत्स्य गणना पाहा. तिच्या २००५, २०१० आणि २०१६ च्या फेऱ्या झालेल्या आहेत. फक्त ती मच्छीमार गावं मोजते, नगरपरिषदेची हद्द नाही, त्यामुळे तिचा आकडा जनगणनेच्या आकड्यातून थेट वजा करता येत नाही.

जन्म-मृत्यूच्या नोंदी सगळ्यांना विश्वासार्ह वाटतात, आणि त्या आहेतही, पण नोंद घटना जिथे घडली तिथे होते. शहरात उपजिल्हा रुग्णालय असेल तर आसपासच्या चाळीस गावांतली बाळंतपणं शहराच्या खात्यावर येतात आणि जन्मदर अवाच्या सव्वा दिसतो. रुग्णालय नसेल तर शहरातली बाळंतपणं जिल्ह्याच्या ठिकाणी, कोल्हापूरला नाहीतर गोव्यात नोंदली जातात. शिवाय पहिलं बाळंतपण माहेरी. जन्म अहवालाच्या सांख्यिकी भागात आईच्या नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणाचा रकाना असतो. जिल्हा निबंधकाकडून त्या रकान्यावर छाननी करून मागितलेली संख्याच उपयोगाची. नुसते दाखले किती दिले ते मोजू नका.

लहान मुलांसाठी त्याहून चांगला स्रोत म्हणजे अंगणवाडी सेविकेचं सर्वेक्षण रजिस्टर. ती घरोघर जाते, तिला कोण मुंबईला गेलं आणि कोण परत आलं हे ठाऊक असतं. शाळांच्या पटावरून काढायचं असेल तर पहिली ते चौथीचाच पट घ्या. माध्यमिक शाळेत आजूबाजूच्या गावांतली मुलं एसटीने येतात.

मतदारयादीत वय आणि लिंग दोन्ही असल्यामुळे अठरापुढच्या लोकांची वयरचना तिच्यावरून काढायचा मोह होतो. वरच्या वयासाठी ती बरी आहे, तरुणांसाठी मुळीच नाही. मुंबईत कायम राहणाऱ्याचं नाव गावात असतं, मृतांची नावं रेंगाळतात, आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांनी नावंच घातलेली नसतात. पन्नाशीपुढच्या वयोगटांचं आपसातलं प्रमाण घ्या, एकूण संख्या घेऊ नका.

मग आजचा आकडा काढायचा कसा? सगळ्यात भरवशाचा मार्ग घरांकडून जातो: राहती घरं गुणिले घरटी माणसं, अधिक वसतिगृह, आश्रम, बोटी. घरपट्टीच्या नोंदीतून राहती घरं कळत नाहीत, कारण कुलूपबंद घरालाही पट्टी येते. वीजमीटरवरून कळतात. घरगुती ग्राहकांचे फेब्रुवारी महिन्याचे युनिट मागवा. नावं नकोत, प्रभागवार युनिटच हवेत. महिन्याला २० युनिटांखालचे मीटर 'बहुधा बंद' म्हणून बाजूला काढा. हा उंबरठा असा येतो: बंद घराच्या ओटीवर ९ वॉटचा एक दिवा रोज बारा तास जळत ठेवला तर महिन्याला सव्वातीन युनिट होतात, आणि साधा फ्रिज चालू असला की एकट्याचे तीसच्या आसपास.

यात दोन ठिकाणी पाय घसरतो. रीडिंग घेणाऱ्याला घर बंद मिळालं की सरासरी बिल लावलं जातं, आणि मग कुलूपबंद घर कागदावर साठ युनिट वापरताना दिसतं. म्हणून युनिटांबरोबर रीडिंगची स्थितीही मागवा आणि सरासरीवर बिल झालेले मीटर वेगळे करा. दुसरं याच्या उलट: दोन दिवे आणि एक पंखा, फ्रिज नाही, अशा घरात एकटी राहणारी आजी पंधरा युनिटांत महिना काढते. ती 'बंद घर' म्हणून गळून जाते, आणि शहराच्या आरोग्यसेवेला सगळ्यात आधी माहीत असायला हवी ती तीच. म्हणून बाजूला काढलेल्या मीटरांपैकी किमान शंभर घरी प्रत्यक्ष जाऊन या.

एक उदाहरण मांडतो, आकडे समजुतीसाठी घेतलेले. घरगुती मीटर ५,२००. तपासणीनंतर बंद ठरलेले १,३५०. उरले ३,८५०. एकाच कुटुंबाचे दोन मीटर असं ६ टक्के ठिकाणी आढळलं, म्हणून कुटुंबं ३,६१९. घरटी माणसं ३.७, म्हणजे १३,३९०. वसतिगृहात २६०, बोटींवर आणि बंदरातल्या खोल्यांत राहणारे खलाशी ४००. एकूण १४,०५०.

या गणितात सगळ्यात नाजूक आकडा ३.७ हा आहे. तो ३.५ झाला तर सातशेहून जास्त माणसं कमी होतात. दोनशे घरांचा नमुना घेतला तर एकूण लोकसंख्येत नऊशे इकडे-तिकडे होऊ शकतात, चारशे घरं घेतली तर साडेसहाशेच्या आसपास. चारशे घरं घ्या, प्रत्येक प्रभागातून त्याच्या राहत्या घरांच्या प्रमाणात, आणि कोळीवाडा, बाजारपेठ, नव्या सदनिका, बागायतीतली वाडी सगळं त्यात येऊ द्या. आणि दारात उभं राहून 'घरात माणसं किती?' असं विचारू नका. मुंबईचा मुलगा, सून, नातवंडं सगळी त्यात मोजली जातात, आणि घरच्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. विचारायचं असं: 'काल रात्री या घरात किती जण झोपले?' मग 'त्यातलं कुणी पाहुणं होतं का?' आणि 'कालच्या रात्रीपुरतं कुणी बाहेर होतं का?' समुद्रावर गेलेला माणूस या तिसऱ्या प्रश्नात सापडतो. खलाशांसाठी घर उपयोगाचं नाही, नाखव्याकडे (बोटीच्या मालकाकडे) बोटीगणिक माणसं विचारावी लागतात, आणि तेही जून-जुलैत नाही. त्या दोन महिन्यांत नेपाळ, कर्नाटक इथले खलाशी आपापल्या गावी गेलेले असतात.

घरटी माणसं दर दशकाला कमी होत आहेत, हे पाणी योजना करताना लक्षात ठेवा. पंधरा हजार माणसं ४.४ च्या कुटुंबांत राहिली तर साधारण ३,४०० घरं लागतात. ३.७ झाली की तेवढ्याच माणसांना ४,०५० घरं. लोकसंख्या तसूभरही न वाढता साडेसहाशे नळजोडण्या वाढल्या, आणि 'शहर वाढतंय' असं सगळ्यांना वाटू लागतं.

पुढच्या तीस वर्षांचा अंदाज करताना हीच चूक मोठी होते. समजा शहर १९९१ मध्ये १४,२००, २००१ मध्ये १५,३०० आणि २०११ मध्ये १५,००० होतं. राज्याचा दशकाचा १६ टक्के दर तीन दशकं चक्रवाढीने लावला की २३,४०० येतात. शहराची स्वतःची सरासरी, म्हणजे दशकाला ४००, लावली तर १६,२००. सात हजार माणसांचा फरक. जादा धरून केलेल्या योजनेत टाकी आणि वाहिन्या गरजेपेक्षा मोठ्या होतात, पाणी त्यांत जास्त वेळ पडून राहतं, शेवटच्या नळापर्यंत क्लोरीन उरत नाही, आणि पंपाचं वीजबिल थोड्याच नळजोडण्यांवर वाटलं जातं. चढ-उतार असलेल्या मालिकेला चक्रवाढ पद्धत लावूच नये. अंकगणिती वाढ, म्हणजे दर दशकाला ठरावीक माणसं, घ्या, आणि सोबत एक वरचा अंदाज ठेवा, पण तो वरचा अंदाज कशामुळे खरा होईल ते लिहून ठेवा: बंदराचं विस्तारीकरण, महाविद्यालय, नव्या सदनिकांचे प्रत्यक्ष मंजूर परवाने. कारण लिहिता येत नसेल तर तो आकडा काढून टाका.

आता गर्दीचे दिवस. वरच्याच उदाहरणात गणपतीत बंद घरांपैकी ७० टक्के उघडतात असं धरू: ९४५ घरं, घरटी ५ माणसं, ४,७२५. राहत्या घरांत सरासरी एकेक पाहुणा, ३,६१९. एकूण सुमारे २२,४००, म्हणजे नेहमीच्या १.६ पट. मलनिस्सारण वाहिन्या नसलेल्या शहराला माणशी रोज ७० लिटर हे नेहमीचं प्रमाण आहे. त्याने एरवी ९.८ लाख लिटर लागतात, गळतीसाठी १५ टक्के धरून साडेअकरा लाख सोडावे लागतात. गणपतीत नुसती मागणीच १५.७ लाखांवर जाते.

तरीही योजना गणपतीच्या आकड्यावर बेतू नका. भाद्रपदात विहिरी काठोकाठ असतात. स्रोताला तोटा नसतो, अडतं ते गढूळ पाण्याच्या शुद्धीकरणाशी आणि वितरणाच्या वेळापत्रकाशी, तेही आठ-दहा दिवस. खरी कसोटी मे महिन्याची. तेव्हा माणसं गणपतीपेक्षा कमी असतात: काही उघडलेली घरं, लॉजमधले आणि घरगुती निवासातले पर्यटक, मिळून सतरा हजारांच्या आसपास समजा. पण एरवी स्वतःच्या विहिरीवर भागवणारी घरं याच महिन्यात नळावर येतात, कारण विहिरी आटलेल्या असतात, खाडीकाठच्या मचूळ झालेल्या असतात. म्हणून चारशे घरांच्या त्या पाहणीत आणखी एक प्रश्न घाला: विहीर आहे का, आणि तिचं पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरतं? या उत्तराशिवाय मे महिन्याची मागणी लोकसंख्येवरून काढता येत नाही. नळाच्या पाण्याच्या वापरावरून लोकसंख्या काढायचा प्रयत्न इथे फसतो, तो याच विहिरींमुळे.

आराखड्यात आकडा लिहिताना एक रकाना न करता तीन करा: फेब्रुवारी, मे, गणपती. प्रत्येकाखाली हद्द कोणती, मोजणीची तारीख कोणती आणि घरटी माणसं किती धरली ते लिहा. २०२७ चे आकडे हाती आले की फेब्रुवारीचा रकाना त्यांच्याशी ताडून पाहा आणि फरक आला तर आधी बंद घरांची संख्या तपासा, कुटुंबाचा आकार त्यानंतर.